वाचकांचे प्रश्न : गर्डर फिरवायचा, पण धरून

प्रश्न : दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) रस्त्यालगत माझे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. जिनिंगच्या शेड, धान्याची गोदामे, अधूनमधून एखाद्या सभागृहाचे छप्पर अशी कामे आम्ही घेतो. गर्डर (आय आकाराच्या लोखंडी तुळया) बहुधा २५० मिमी उंचीचे आणि ६ मीटर लांबीचे असतात. त्यांना दोन्ही बाजूंनी स्टिफनर (मजबुतीच्या पट्ट्या), बेस प्लेट आणि गसेट (जोडपट्ट्या) वेल्ड करावे लागतात. एक बाजू झाली की चार माणसे सब्बल (पहार) लावून गर्डर घोडीवरच (आधाराच्या तिवईवरच) उलटवतात. मागच्या उन्हाळ्यात असे करताना एका मदतनिसाची दोन बोटे गर्डर आणि घोडी यांच्यामध्ये चेंगरली. नागपूरकडच्या एका मोठ्या कारखान्यात साखळीच्या झोळीत गर्डर फिरवणारे यंत्र पाहिले, पण ते विकत घेणे आम्हाला झेपणारे नाही. असे साधन गावात तयार करता येईल काय? केल्यास कोणत्या प्रकारचे करावे?

उत्तर : करता येईल, आणि ते आपल्या दुकानात असलेल्या माणसांकडूनच करता येईल. मात्र त्याआधी ती दोन बोटे का चेंगरली हे नीट समजून घ्यावे, कारण ते कळले नाही तर नवे साधनही त्याच पद्धतीने बोटे चेंगरील.

२५० मिमीचा गर्डर मीटरला ३७.३ किलो भरतो, म्हणजे आपला ६ मीटरचा तुकडा सुमारे २२४ किलोचा झाला. त्याची फ्लँज, म्हणजे वरची-खालची आडवी पट्टी, १२५ मिमी रुंद असते. गर्डर फ्लँजवर उभा असताना त्याचा गुरुत्वमध्य घोडीपासून १२५ मिमी उंचीवर असतो आणि आडवा पाडला की तो ६२ मिमीवर येतो. उभा गर्डर साधारण साडेसव्वीस अंश कलेपर्यंत उलटायला विरोध करतो, तोपर्यंत माणसे त्याला ढकलत असतात आणि त्याचा गुरुत्वमध्य किंचित वर, सुमारे १४० मिमीपर्यंत, चढत असतो. तो कोन ओलांडला की त्याच क्षणी काम उलटे होते. आता गर्डर स्वतःहून खाली येऊ पाहतो आणि माणसांनी त्याला ढकलायचे नसून ओढून धरायचे असते. सब्बलीने ढकलता येते, ओढून धरता येत नाही. म्हणून सव्वादोनशे किलोचे ओझे कोणाच्याही ताब्यात नसताना घोडीवर आदळते, आणि त्या वेळी ज्याचा हात खाली असेल त्याच्यावर ते येते. यात आपल्या माणसांचा निष्काळजीपणा फारसा नाही. पद्धतच अशी आहे की अर्ध्या वाटेनंतर गर्डर कोणाचाच नसतो.

यावरून साधनाची पहिली कसोटी ठरते. फिरवणे सोपे झाले की नाही, हे नंतर पाहावे; गर्डर कोणत्याही कोनात सोडला तरी तो तिथेच थांबतो की नाही, हे आधी पाहावे. गर्डर ज्या आसाभोवती फिरतो तो आस गुरुत्वमध्यातून जात असेल तर तो सगळीकडे सारखाच हलका लागतो आणि कुठेही पडू पाहत नाही.

आपण पाहिलेल्या साखळीच्या यंत्रात दोन किंवा अधिक खांबांवर मोटरने फिरणाऱ्या अखंड साखळ्या असतात आणि त्यांच्या झोळीत गर्डर पडलेला असतो. तो आवळलेला नसतो. वरून क्रेनने गर्डर ठेवायचा, फिरवायचा, उचलायचा, अशा अखंड चालणाऱ्या कामाला ते यंत्र उत्तम आहे. पण डोक्यावर क्रेन नाही आणि दिवसातून चारपाचच गर्डर निघतात अशा दुकानात त्याचा निम्मा फायदा वाया जातो. दुसरी जात म्हणजे लेथसारखी, गर्डर दोन्ही टोकांना पकडून फिरवणारी. करायला ती सर्वांत सोपी, पण तिच्यात एक खोट आहे. टोकांवर टेकलेला आपला ६ मीटरचा गर्डर उभ्या स्थितीत स्वतःच्या वजनाने १ मिमीपेक्षाही कमी झुकतो, तर आडव्या स्थितीत तोच गर्डर मधोमध सुमारे ९ मिमी झुकतो, कारण त्या दिशेने त्याची ताकद पंधरा पटींनी कमी असते. झुकलेल्या स्थितीत स्टिफनर वेल्ड केले की तो बाक काही अंशी गर्डरमध्ये कायमचा राहण्याची शक्यता असते, आणि मग दोरी ताणून पाहिल्यावर वेल्डरला दोष दिला जातो.

म्हणून आपल्याला माझा सल्ला तिसऱ्या जातीचा आहे : दोन रिंगा, प्रत्येक रिंग आपल्या स्टँडवरच्या दोन रोलरवर टेकलेली, आणि त्या रिंगांच्या आत आवळलेला गर्डर. रिंगा टोकांना न लावता दोन्ही टोकांपासून सुमारे सव्वा-सव्वा मीटर आत लावाव्यात. असे केल्याने मधला भाग आणि बाहेर निघालेली टोके एकमेकांना तोलतात व झुकाव जवळपास नाहीसा होतो.

रिंगेचा आतला व्यास ६०० मिमी ठेवल्यास २५० मिमीचा गर्डर तर बसतोच, पण पुढे कधी ४०० मिमीचा आला तरी तोही बसतो, कारण त्याचा कर्ण सव्वाचारशे मिमीच्या आत असतो. रिंग दोन अर्धगोलांची करावी. खालचा अर्धा रोलरवर, वरचा अर्धा एका बाजूने बिजागरीवर आणि दुसऱ्या बाजूने बोल्टवर. वरचा अर्धा उघडून तिकाटण्याला टांगलेल्या १ टनाच्या चेन कप्पीने गर्डर आत उतरवता येतो. अर्धगोल जाड प्लेटमधून कापून घ्यावेत आणि त्यांच्या बाहेरून रुंद पट्टी वाकवून चढवावी, म्हणजे रोलरला चालायला सपाट वाट मिळते. ही पट्टी गोल वाकवण्यासाठी शहरात जाण्याची गरज नाही. बंडीच्या चाकाला धाव चढवणारा एखादा जुना लोहार आपल्या भागात अजून असेल तर या कामात त्याच्याइतका बसलेला हात मिळणे कठीण. सांधा मात्र घासून अगदी सपाट करावा. तिथे उंचवटा राहिला तर प्रत्येक फेरीत गर्डर त्याच जागी हिसका देतो.

गर्डर रिंगेत आवळण्यासाठी पाचरी वापरू नयेत. स्लॅग (वेल्डवर जमणारी कवची) काढताना चिपिंग हातोडीच्या ठोक्यांनी पाचर हळूहळू सुटते आणि सुटल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. त्याऐवजी प्रत्येक रिंगेत चारही बाजूंनी जाड बोल्ट आत येतील अशी सोय करावी, त्यांच्या टोकांना सपाट पाय असावा आणि प्रत्येकाला उलटा आवळायचा दुसरा नट असावा. या चार बोल्टांनी गर्डर कमीजास्त सरकवून त्याचा मध्य रिंगेच्या मध्याशी जुळवायचा असतो, त्यामुळे ते केवळ पकड नसून तोल साधण्याचे साधनही आहेत.

रोलरांविषयी एक बारकावा सांगतो, जो तयार यंत्रे पाहूनही बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रिंग रोलरवरून सरकून पडू नये म्हणून रोलरला दोन्ही बाजूंनी कड असावी लागते, परंतु अशी कड एकाच स्टँडच्या रोलरांना ठेवावी. दुसऱ्या स्टँडचे रोलर सपाट आणि रुंद असावेत. वैशाखात सकाळी आवळलेला गर्डर दुपारच्या उन्हाने आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ३० अंशांनी तापला तर ६ मीटरमागे सुमारे २ मिमी लांबतो. दोन्हीकडे कडा असतील तर तो रोलरांत अडकतो, आणि अडकलेला गर्डर जोर लावून फिरवताना सुटला की हिसक्याने सुटतो. शिवाय प्रत्येक स्टँडवर रिंगेच्या वरून जाणारा एक आडवा आकडा असावा, जेणेकरून कशाचाही धक्का लागला तरी रिंग रोलरवरून वर उसळू शकणार नाही.

आता कुलूप. रिंगेच्या प्लेटमध्ये दर ४५ अंशांवर एक, अशी आठ छिद्रे पाडावीत आणि स्टँडमधून त्यात जाणारी २५ मिमीची पिन ठेवावी. दोन्ही रिंगांना पिन असावी. एकाच रिंगेला कुलूप लावले तर दुसरे टोक मोकळे राहते आणि गर्डरला पीळ बसू शकतो. आय आकाराचा गर्डर वाकण्याला जितका कणखर असतो तितकाच पिळाला दुबळा असतो. पिन दोन्हीकडे बसल्याशिवाय होल्डरला रॉड लागणार नाही, हा दुकानाचा नियम करावा आणि तो मालकाने आधी पाळावा.

या साधनाखालचा पाया ही आपल्या भागातली खरी अडचण आहे. काळ्या मातीत दोन स्टँडसाठी दोन वेगळे चौथरे बांधले तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात, आणि दोन्ही चौथरे सारखेच हलतील याची कोणी हमी देऊ शकत नाही. चार-सहा महिन्यांत एक स्टँड खाली आणि एक वर, असे झाले की रिंगा वाकड्या चालतात. म्हणून दोन्ही स्टँड ७ मीटर लांबीच्या दोन चॅनेलच्या एकाच चौकटीवर बसवावेत, चौकट दाबलेल्या मुरुमावर घातलेल्या काँक्रीटवर ठेवावी आणि ती जमिनीत गाडू नये. जमीन हलली तर चौकट एकसंध हलते आणि खाली पट्ट्या सरकवून ती पुन्हा समपातळीत आणता येते. स्टँडचा आडवा पाया त्याच्या उंचीपेक्षा कमी नसावा.

फिरवण्यासाठी मोटर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विजेचा दाब कमीजास्त होतो हे एक कारण, पण मुख्य कारण हे की तोल साधलेला गर्डर एका माणसाच्या हाताने फिरतो, आणि हाताला काही अडले तर ते लगेच कळते. मोटरला कळत नाही. एका फेरीला मिनिटभर लागले तरी काही बिघडत नाही. पहिल्यांदा वापरण्यापूर्वी आपल्या सर्वांत जड गर्डरच्या सव्वापट वजन घालून, माणसे दूर उभी करून, साधन प्रत्येक छिद्रावर थांबवून पाहावे. स्टँडचे व पिनचे माप तालुक्याच्या आयटीआयमधील शिक्षकाकडून किंवा एखाद्या अभियंत्याकडून एकदा तपासून घ्यावे.

आपण विचारले नाही, तरी एक लाभ सांगायला हवा. गर्डर ४५ अंशांत थांबवता आला की फ्लँज आणि वेब (मधली उभी पट्टी) यांच्यामधला कोपरा पन्हळीसारखा वर तोंड करून येतो. वितळलेले लोखंड आपोआप त्या पन्हळीत बसते, ४ मिमीचा रॉड १४० ते १८० अँपिअरवर निर्धास्त चालवता येतो आणि डोक्यावरचे वेल्डिंग जवळजवळ संपते. डोक्यावर वेल्डिंग करताना बारीक रॉड आणि कमी करंट घ्यावा लागतो, ठिणग्या मानेत पडतात, आणि चांगल्या कारागिराचाही जोड दिवसअखेर खराब होतो. शिवाय एका बाजूला थोडे, मग फिरवून समोरच्या बाजूला थोडे, असे आलटून पालटून वेल्ड करणे सहज जमल्याने उष्णतेमुळे येणारा बाकही कमी होतो. सब्बलीने उलटवायचे असते तेव्हा कोणीही चार वेळा उलटवत नाही. एक बाजू पूर्ण संपवूनच दुसरी घेतो, आणि गर्डर केळ्यासारखा वाकतो.

प्रश्न : मी वरुड तालुक्यात (जि. अमरावती) संत्र्यांच्या प्रतवारी केंद्रांसाठी शेड बांधतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे दोन हब वापरून गर्डर टोकांना पकडून फिरवण्याचे साधन मी स्वतः केले आहे आणि साध्या गर्डरला ते फार छान चालते. परंतु मागच्या महिन्यात एकाच बाजूला तीन ब्रॅकेट असलेला गर्डर त्यावर चढवला. फिरवता फिरवता तो हातातून सुटून उलटा फिरला आणि हँडल माझ्या दंडावर बसले. हाड वाचले. आता त्यावर वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारख्या आट्याने दातेरी चाक फिरवून गती कमी करणारी पेटी) बसवावा असे सुचवले जात आहे. तेवढ्याने काम भागेल काय?

उत्तर : भागणार नाही. गिअरबॉक्स बसवण्यास हरकत नाही, पण तो तोल साधत नाही. फक्त तोल गेल्याचे आपल्यापासून लपवतो.

ब्रॅकेटांचे वजन आपण लिहिलेले नाही. समजा तिन्ही मिळून ६० किलो आहेत आणि त्यांचा मध्य गर्डरच्या आसापासून ३० सेंमी बाहेर आहे. ६० गुणिले ०.३० म्हणजे १८ किलो-मीटरचा पीळ तयार झाला. आपले हँडल ४५ सेंमी लांबीचे असेल तर ब्रॅकेट आडवे असतानाच्या क्षणी हातावर ४० किलोचा जोर येतो. ब्रॅकेट सरळ वर किंवा सरळ खाली असताना हाच जोर शून्य असतो. म्हणजे हँडल हाती घेतले तेव्हा काहीच जाणवत नाही, चतुर्थांश फेरीत ४० किलो हातात येतात, आणि घाम आलेल्या तळव्यातून हँडल निसटते. आपल्या बाबतीत बहुधा हेच झाले असावे.

यावर सर्वांत स्वस्त उपाय कामाच्या क्रमात आहे. जे काही दोन्ही बाजूंना सारखे आहे, ते आधी साधनावर पूर्ण करावे. एका बाजूचे ब्रॅकेट शेवटी घ्यावेत, आणि शक्य असल्यास गर्डर साधनावरून उतरवून, ब्रॅकेटची बाजू खाली किंवा पक्क्या आधारावर ठेवून वेल्ड करावेत. तीन ब्रॅकेटांसाठी तेवढी उठाठेव परवडते.

ब्रॅकेट साधनावरच करायचे असतील तर आस सरकवावा किंवा उलटे वजन लावावे. वरच्या उदाहरणात गर्डर २२४ किलोचा धरला तर एकूण वजन २८४ किलो होते, आणि १८ ला २८४ ने भागले की गुरुत्वमध्य सुमारे ६.३ सेंमी ब्रॅकेटकडे सरकल्याचे कळते. आपल्या हबवरच्या पकडीत लांबट छिद्रे ठेवली तर गर्डर तेवढाच उलट दिशेला सरकवून आवळता येतो. ते शक्य नसेल तर ब्रॅकेटच्या समोरच्या बाजूला ६० सेंमीवर ३० किलोचे वजन बोल्टने पक्के करावे. तारेने बांधलेले वजन चालणार नाही. पहिल्या उत्तरात सांगितलेली छिद्रे व पिन यांचे कुलूप आपल्या साधनालाही हवे. तोल जमला की नाही हे पाहताना पिन काढून गर्डर सोडून देऊ नये. एका छिद्रापासून पुढच्या छिद्रापर्यंत, दोघांनी धरून, असे थोडे थोडे फिरवत जावे आणि प्रत्येक ठिकाणी हात किंचित सैल करून पाहावे.

वर्म गिअरबॉक्सविषयी समज असा आहे की तो उलटा फिरतच नाही. एकच आटा असलेल्या, ४० किंवा ६० पट गती कमी करणाऱ्या गिअरबॉक्सबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे, पण तेलाने घर्षण घटते, हातोडीच्या ठोक्यांनी तो कणाकणाने सरकतो, आणि भंगारातून आणलेल्या गिअरबॉक्सचे दात किती झिजले आहेत हे बाहेरून दिसत नाही. तो फिरवण्यासाठी ठेवावा. थांबवण्यासाठी पिनच हवी. आणि हँडल काढता-घालता येईल असे करावे. फिरवून झाले, पिन बसली, की हँडल काढून भिंतीला टांगावे. साधनावर नसलेले हँडल कोणाच्या दंडावर बसू शकत नाही.

प्रश्न : आमच्याकडे (तुमसर तालुका, जि. भंडारा) राइस मिलच्या कामासाठी रिंगा व रोलरचे साधन आहे. रोलरची बेअरिंगे दोन-तीन महिन्यांतच खरखर करू लागतात. शिवाय उन्हाळ्यात गर्डरला हात लागला की मुंग्या आल्यासारखे होते. वंगण बदलून पाहिले, उपयोग झाला नाही.

उत्तर : आपला अर्थिंगचा क्लॅम्प (वेल्डिंग मशीनच्या परतीच्या केबलचा चिमटा) स्टँडला लावलेला असणार. तसे असेल तर वेल्डिंगचा सगळा करंट, म्हणजे सव्वाशे-दीडशे अँपिअर, गर्डरमधून रिंगेत, रिंगेतून रोलरमध्ये आणि बेअरिंगच्या गोळ्यांमधून स्टँडमध्ये जातो. गोळी आणि तिची वाट यांच्यात तेलाचा पातळ थर असतो. तिथे बारीक ठिणग्या उडतात आणि पोलादावर खड्डे पडतात. वंगण कितीही चांगले घातले तरी हे थांबणार नाही.

मुंग्यांचे कारणही तेच. वाटेत कुठे गंज किंवा रंग आडवा आला की गर्डर आणि स्टँड यांच्यात व्होल्टेज उभे राहते. रॉड टेकलेला नसताना वेल्डिंग मशीनचे व्होल्टेज ७०-८० पर्यंत असू शकते. हिवाळ्यात कोरड्या हाताला जे जाणवत नाही ते मे महिन्यात घामाने भिजलेल्या अंगाला जाणवते, आणि एसी मशीनवर ते जीवघेणे ठरू शकते.

क्लॅम्प थेट गर्डरला, घासून चकचकीत केलेल्या जागी लावावा. गर्डर फिरताना केबल गुंडाळली जाऊ नये म्हणून एकाच दिशेने फेऱ्या मारू नयेत. अर्धी फेरी पुढे, मग परत, असा पाठ ठेवावा आणि केबलला तेवढा ढिलावा द्यावा. केबलचा त्रास नको असेल तर रिंगेवर स्प्रिंगने दाबलेली तांब्याची पट्टी घासत राहील अशी सोय करता येते, पण ती रोज साफ करावी लागते. मशीनच्या बॉडीचे जमिनीशी असलेले अर्थिंग ही वेगळी गोष्ट आहे, आणि तेही हवेच. खराब झालेली बेअरिंगे मात्र बदलावीच लागतील.

प्रश्न : मी मूल तालुक्यात (जि. चंद्रपूर) एका दुकानात वेल्डर आहे. आमचे मालक गर्डर चेन कप्पीवर पट्ट्याने लटकवतात, हाताने फिरवतात आणि तसाच वेल्ड करायला सांगतात. ते म्हणतात, कप्पी १ टनाची आहे, गर्डर पाव टनाचाही नाही, मग भीती कसली?

उत्तर : कप्पीच्या ताकदीविषयी मालकांचे म्हणणे बरोबर आहे, धोका कप्पीच्या ताकदीत नाही.

पट्टा पॉलिस्टरचा असतो आणि तो १०० अंश सेल्सिअसच्या वर वापरायचा नसतो. वेल्ड केलेल्या जागेजवळचा गर्डर त्याहून कितीतरी जास्त तापतो, आणि पट्टा आतून, जिथे तो गर्डरला टेकलेला असतो तिथून, वितळू लागतो. बाहेरून तो चांगलाच दिसतो. पट्ट्याऐवजी साखळी लावली तरी सुटका नाही. अर्थिंग ढिले झाले की करंट साखळीतून आणि कप्पीतून वाट शोधतो, आणि कडीवर जिथे ठिणगी बसते तिथले पोलाद कडक व ठिसूळ होते. पट्टा दोन पायांचा असेल आणि प्रत्येक पाय आडव्या रेषेशी केवळ ३० अंशांचा कोन करत असेल, तर त्या प्रत्येक पायावर अर्धे नव्हे, गर्डरचे पूर्ण वजन येते. शिवाय लटकलेला गर्डर हाताने फिरवला की तो पट्ट्यात घसरतो, आणि कोणत्या क्षणी घसरेल हे कोणालाच सांगता येत नाही.

कप्पी उचलण्यासाठी आहे. मालकांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एवढेच सुचवावे : कप्पीने गर्डर उचलून हव्या त्या बाजूवर वळवावा, खाली दोन घोड्या घ्याव्यात, घोडीवर गर्डरच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुंट्या लावून तो कलणार नाही असा बसवावा, आणि साखळी ढिली पडून पट्टा काढून घेतल्यावरच रॉड लावावा. वळवताना कोणीही गर्डरच्या खाली किंवा त्याच्या पडण्याच्या बाजूला हात घालू नये. दोन्ही टोकांना दोर बांधून लांबून धरावे. याला प्रत्येक वेळी काही मिनिटे जास्त लागतील, खर्च काहीही नाही. कप्पी, साखळी आणि पट्टे जाणकाराकडून किमान १२ महिन्यांतून एकदा तपासून घेण्याची अट १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ मध्ये घातलेली होती. आपले दुकान लहान असले तरी तोच पाठ ठेवावा. ज्या पट्ट्यावर भाजल्याचा किंवा कापल्याचा डाग आहे, तो आजच कापून टाकावा. नुसता बाजूला ठेवलेला पट्टा घाईच्या दिवशी पुन्हा कप्पीला लागतो.